क्लचच्या रॉडची पिन

ढाणकी, ता. उमरखेड
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

जफरभाई मिस्त्री यांना,

धर्मपालचा जय भीम आणि सलाम. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही, जोहराबी भाभी, फिरोज आणि सूनबाई तिकडे पांढरकवड्याले खुशाल असाल, असं धरून चालतो.

हे 'तुम्ही' लिहिलं खरं, पण पेन अडखळून राह्यला. ज्या माणसाच्या डब्यातली अंडाभाजी मी वीस वर्षं न विचारता खाल्ली, त्याले आता अहोजाहो करू? 'तू'च म्हणतो. राग आला तर पत्र फाड, पण पूर्ण वाचून फाड.

फोनच करणार होतो. नंबर मिळवला, दोनदा काढला, दोनदा ठेवला. मग आपला श्रावण कंडक्टर भेटला, तो तुमच्या हायवेवरून नेहमी जातो. तो म्हणे, मिस्त्र्याचे कान गेले, फोनवर नुसते 'हां, हां' करते आणि मग सुनेले विचारते कोण होतं म्हणून. मले बरंच वाटलं बापा. फोनवर बोलायले माझी जीभ रेटली नसती.

गावाची खबर सांगतो. हळद शिजवणं चालू आहे, साऱ्या ढाणकीले तोच वास. बस स्टँडजवळच्या तुझ्या गॅरेजच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, पण लोकं अजून पत्ता सांगताना 'मिस्त्र्याच्या गॅरेजपासून डाव्या हाताले' असंच सांगतात. मी रिटायर होऊन आठ वर्षं झाली. एकतीस वर्षं एसटीचा क्लच दाबला, त्याचा राग डाव्या गुडघ्यानं आता काढला. जिना चढताना रुखमाबाई मागून म्हणते, "चला, डबल बेल!" हसावं की रडावं, सांग.

आता मुद्द्यावर येतो. बाबांची जीप. त्यांनी जंगल खात्याच्या लिलावात घेतली तेव्हापासून दर चौदा एप्रिलले बाबासाहेबांचा फोटो त्याच जीपवर निघायचा, हे तुले काय सांगू? आधी बाबा चालवायचे, मग मी. आठ वर्षांपासून ती टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. फोटो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर निघते. नांदेडचा एक हॉटेलवाला तिले मागून राह्यला. दारासमोर उभी ठेवतो म्हणे, लोकं येतील, सेल्फी काढतील. ऐकूनच माझं डोकं तापलं.

पण माझ्याहून जास्त रुपालीचं तापलं. तुले आठवते ना माझी रुपाली, तुझ्या दुकानात बेअरिंगच्या गोळ्या मागायले यायची ती? आता ती इथंच शाळेत मास्तरीण आहे. म्हणाली, "यंदा जीप निघते, आणि चालवणार मी." कमिटीसमोर उभी राहून म्हणाली! कमिटी म्हणे, ठीक आहे, एप्रिलपर्यंत जीप धड चालली तर फोटो जीपवर, नाही तर भाड्याचा पिकअप आणि त्याच्यावर डीजे. तवापासून घरात दुसरा विषय नाही.

अडचण एकच, क्लच. तुले ते पायडल माहीत आहे. रुपाली दोन्ही पाय ठेवून उभी राह्यली तेव्हा कुठं ते खाली गेलं. आता मिरवणुकीत चार-पाच तास पावलापावलानं चालवायची, कशी चालवणार ती?

तू मले किती वेळा म्हटलं होतं, धर्म्या, हे रॉड, हे लिव्हर, ह्या पिना, हे सगळं झिजलं, इंजिन हललं की अडकते, काढून टाक आणि केबल टाक. आणि मी काय म्हणायचो? बाबांनी जशी घेतली तशीच राहील. तुले शिव्याही दिल्या असतील. तर ऐक. तुझं खरं होतं. रॉड काढून टाकले.

माझा जावई संघदीप उमरखेडले ट्रॅक्टरचं गॅरेज चालवते. त्यानं केबल नाही टाकली, ऑइलवरचा क्लच बसवला. पायडलले मास्टर सिलिंडर, तिथून पाइप, आणि खाली गिअरबॉक्सजवळ पट्टी वेल्ड करून दुसरा छोटा सिलिंडर, तो क्लचच्या फोर्कले ढकलते. पोरगा मेहनती आहे. पायडल असं हलकं झालं की माझ्या या सडक्या गुडघ्यानंही दबते. आमचे पेढे वाटायचेच बाकी होते. पण गिअर काही धड पडत नाही. पहिल्यांदा दाबलं की पायडल पोकळ जाते. तीनदा भराभर दाबलं तर गिअर पडते. पाय उचलून थोडं थांबलं की पुन्हा खर्रर्र. संघदीपनं पाइपात अडकलेली हवा चारदा काढली. पुन्हा तसंच.

या भागात या जीपची नाडी ओळखणारा माणूस एकच होता आणि तो तू. काय चुकते ते दोन ओळीत कळव. नाही तर येऊनच जा. येतोस का?

त्या दिवसाचं मी या पत्रात काही लिहीत नाही. कोकिळाबाईचा पाय पूर्ण बरा आहे, भरभर चालते, एवढंच सांगतो.

रुखमाबाईनं भाभीसाठी घरची हळद काढून ठेवली आहे. येणाऱ्या माणसाची वाट पाहून राह्यलो.

ज्याचं नाव पाहून तू पाकीट फोडलं की नाही ते मले माहीत नाही, तो,
धर्मपाल


पांढरकवडा
शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

धर्मपालकाकांना,

सलाम. मी फिरोजची बायको, नाहिद. अब्बांची नजर बारीक अक्षरावर टिकत नाही म्हणून ते बोलून राह्यले आणि मी लिहून राह्यली. ते म्हणाले, जसं बोलतो तसंच लिही, तुझं व्याकरण त्याच्यात घालू नको.

धर्मपाल, सलाम. रोजे सुरू झाले. तब्येत अल्लाच्या मेहरबानीनं ठीक. पत्र फाडलं नाही.

रुपाली जीप चालवते हे ऐकून फार बरं वाटलं. तिले दुआ सांग. रॉड काढले तेही चांगलं केलं.

पण मले क्लचचं विचारू नको. मी आठ वर्षांपासून क्लचले हात लावला नाही. ब्रेकलेही नाही. गाडीखाली जातच नाही. फिरोजच्या दुकानात बसून ट्रकचे पंक्चर काढतो. पंक्चरमध्ये चूक झाली तर पाण्यात बुडबुडे दिसतात. कोणाचा पाय मोडत नाही.

तू त्या दिवसाचं लिहीत नाही म्हणाला, तर मीच सांगतो. गुरुवारी मी तुझ्या जीपची क्लचप्लेट बदलली. रॉड जोडला. त्याच्यात दोन पायाची नवीन पिन घातली, एवढं पक्कं आठवते. पण पिनचे दोन्ही पाय मागं वाकवले का, हे आठवत नाही. वाकवले नसतील, म्हणून ती निघाली. आठ वर्षं रोज आठवून पाह्यतो. कधी वाटते, वाकवले होते, पक्कडीनं वाकवले होते. मग कोकिळाबाई रस्त्यावर पडलेली दिसते आणि वाटते, नाही, विसरलोच होतो. चाळीस वर्षं ज्या हातावर भरवसा ठेवला त्यानं मले धोका दिला.

त्या दिवशी चौकात लोकांनी विचारलं, क्लच कोणी बसवला, तवा तू म्हणाला, "मिस्त्र्याले विचारा." बरोबरच बोलला तू. मी तुझ्यावर रागावून गाव सोडलं नाही. मले गावात तोंड दाखवायची लाज वाटत होती. तू इतकी वर्षं माझ्याशी बोलला नाही, त्यातही तुझी काही चूक नाही.

जावयाले म्हण, दुसरा चांगला मिस्त्री पाह्य. रुखमाभाभीले सलाम.

जफर पंक्चरवाला

(काका, हे खालचं माझं आहे, अब्बांना सांगितलं नाही. ते एका चाकाचे नट चार-चार वेळा आवळतात. गिऱ्हाईक वैतागते, निघून जाते, हे फिरोजवर चिडचिड करतात आणि पुन्हा आवळतात. तुमचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी खडूनं दुकानाच्या फरशीवर सिलिंडर आणि पाइप काढला, बराच वेळ पाहत बसले, मग पायानं पुसून टाकलं. मी या घरात आल्यापासून त्यांना कधी कोणत्या गाडीखाली जाताना पाह्यलं नाही. असं काहून, ते मले कोणी सांगत नाही. तुम्हाले माहीत असंल तर लिहा. नाहिद.)


ढाणकी
रविवार, १ मार्च २०२६

जफर,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तीन कागद फाडले, हा चौथा आहे. सूनबाई, तू हे त्याले मोठ्यानं वाचून दाखवशील. सगळं दाखवजो, पोरी. एक शब्द गाळू नको.

तू पिनचे पाय वाकवले होते.

दोन्ही वाकवले होते. मी डोळ्यानं पाह्यले. कारण ती पिन मीच काढली.

शुक्रवार होता, तेरा एप्रिल. जयंतीच्या आधी दरवर्षी आम्ही जीपले निळा ऑइलपेंट मारतो हे तुले माहीत आहे. बाबांची एक रीत होती, जे लोकांना दिसत नाही तेही निळंच पाहिजे. म्हणून ते चेसिसले, रॉडले, खालच्या पत्र्यालेही रंग मारायचे. तुझा गुरुवारचा तो रॉड ग्रीसनं काळा झालेला. मी म्हटलं, हा काढतो, पुसतो, मस्त निळा करतो, पुन्हा लावतो. तुले विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी तू नाहीच म्हटलं असतं.

पिन तू अशी घट्ट वाकवली होती की सरळ करताना तिचा एक पाय तुटला. मी तुझ्या दुकानावर आलो. शटर खाली. तू जुम्म्याच्या नमाजले गेलता. तासभर थांबायचं होतं, जफर. एकच तास. तू आला असतास, मले दोन शिव्या घातल्या असत्या आणि डब्यातून एक पिन काढून दिली असती, बस. पण इकडे पाहुणे यायचे होते, रंग वाळायचा होता. अंगणात रुखमाबाई झेंडूचे हार करत बसली होती. हाराची बारीक तार तिथं पडली होती. मी तीच घेतली, छिद्रात घातली, तीन पिळे मारले. संध्याकाळी जफरकडून पिन आणून बदलतो, असं मनात म्हटलं. वरून रंग मारला. रंगाखाली तार आहे की पिन हे मलेही ओळखू येईना, असं छान दिसत होतं. मग पाहुणे आले आणि मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तू तिथंच उभं राहून पाह्यलं. चौकात, मशिदीसमोर तुमचा सरबताचा टेबल. बाया पुढं, पांढऱ्या लुगड्यात, कोकिळाबाई सगळ्यात मागच्या ओळीत, म्हणजे माझ्या बंपरसमोर. चारशे वेळा दाबलं असंल त्या दिवशी ते पायडल. चारशे एकाव्या वेळी दाबलं आणि पाय सरळ पत्र्याले टेकला, खाली काहीच नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये तशीच पुढं गेली. मी ब्रेकवर उभा राह्यलो, इंजिन बंद पडलं, पण तिचा पाय बंपरखाली आलाच होता.

खाली उतरायच्या आधीच मले कळलं होतं, तार तुटली. लोकं ओरडले, कोणी बसवला क्लच? आणि माझ्या तोंडातून ते दोन शब्द निघाले.

तू हातातला सरबताचा गिलास तसाच धरून आला. रस्त्यावर आडवा झाला, खाली पाह्यलं. पिन नव्हती, तारही कुठं पडून गेली होती. मग तू उठला आणि आपले हात पाह्यले. मी ते पाह्यलं, जफर. आणि उभा राह्यलो, भित्र्यासारखा.

म्हटलं, संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सांगतो. मग म्हटलं, कोकिळाबाईचं ऑपरेशन होऊ दे. मग म्हटलं, लोकं थंड होऊ दे. लोकं थंड झाले, पण तुझ्या गॅरेजले गाडी लागेना. ज्या दिवशी तू टेम्पोत कॉम्प्रेसर चढवला, त्या दिवशी मी स्टँडच्या मागं उभा होतो. टेम्पो वळेपर्यंत पाहत होतो. तेव्हाही म्हटलं, आता सांगून काय फायदा. असा मी माणूस.

एक गोष्ट मानशील का? मी समजत होतो, तुले माहीत आहे. इतका मोठा मिस्त्री, त्याले आपली पिन माहीत नसंल? मले वाटे, तिकडे बसून तू मले शिव्या देत असशील. त्या शिव्या मले चालत होत्या, उलट बऱ्याच वाटत होत्या. तू स्वतःले देत असशील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. तुझं पत्र वाचलं तवा कळलं. माझ्या तारेपायी तू चाळीस वर्षांचा हात टाकून दिला, आणि वर मलेच म्हणतोस, तुझी काही चूक नाही. आधीच्या पत्रात मी तुले क्लचचं विचारत होतो, लाज कशी वाटली नाही मले!

रुखमाबाईले सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्याले पत्र लिहून मोकळे होऊ नका. ज्या लोकांसमोर त्याचं नाव घेतलं, त्याच लोकांसमोर आपलं घ्या." खरं आहे तिचं. येत्या रविवारी विहारात कमिटीची बैठक आहे. कोकिळाबाईही येते. मी माईकवर सांगणार आहे, पिनपासून तारेपर्यंत सगळं. तू उत्तर दे की नको देऊ, ये की नको येऊ, ते मी सांगणारच. जीप निघाली नाही तरी चालंल. हॉटेलवाला नेईल तर नेऊ दे.

तुझ्या हातात खोट नव्हती. एक दिवसही नव्हती. हे मी आठ वर्षांआधी एका वाक्यात सांगू शकत होतो.

माफी मागायची लायकी नाही, तरी मागतो.

धर्मपाल


पांढरकवडा
बुधवार, २५ मार्च २०२६

धर्म्या,

हे पत्र मी माझ्या हातानं लिहून राह्यलो. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, वाच तसंच. सुनेच्या हातानं शिव्या लिहवून घेता येत नाहीत. वर तीन चांगल्या सणसणीत लिहिल्या होत्या, पण आताच ईद झाली म्हणून खोडल्या. उजेडात धरशील तर वाचता येतील.

उत्तराले इतके दिवस काहून लागले? रमजानमध्ये इतका गुस्सा बरा नाही म्हणून. पह्यले दोन दिवस तर मी दुकानातच पडून राह्यलो. जोहराबीले वाटलं, रोजा लागला. मग तिले नाहिदनं पत्र वाचून दाखवलं, तर ती तुले जे बोलली ते मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की हळद पाठवायची घाई करू नको.

मले राग कशाचा आला ते ऐक. तार लावल्याचा नाही. तुझ्यासारखे शंभर गिऱ्हाईकं पाह्यले, सुतळीच्या तुकड्यानं सायलेन्सर बांधणारे. चौकात माझं नाव घेतलं त्याचाही नाही, भ्यालेला माणूस काहीही बोलते. राग आला तो नंतरचा. मागच्या वर्षी एक ट्रकवाला आला. गाडीत टमाटे, क्लच गेलेला, हात जोडून राह्यला. मले गाडीचा झटका पाहूनच समजलं होतं काय बिघडलं. अर्ध्या तासाचं काम. मी नाही म्हटलं. त्याचे टमाटे हायवेवर सडले, आणि मी दुकानात बसून टायरले हवा भरत होतो. असे किती आले, किती गेले. तू एकदा, एकटा, कोपऱ्यात घेऊन मले सांगितलं असतं ना, "जफऱ्या, पिन मी काढली, कोणाले सांगू नको," तर मी नसतं सांगितलं. तुझ्यासाठी बदनामी घेऊन गाव सोडलं असतं, हसत सोडलं असतं! पण मले तरी माहीत पाहिजे होतं ना बे.

कोकिळाबाईचा फोन आलता, नाहिदच्या मोबाईलवर. नाहिद माझ्या कानात ओरडून सांगे, अर्ध्या हायवेनं ऐकलं असंल. बाई म्हणाली, विहारात तू उभा राह्यला, पह्यले माईकच चालू होईना, मग तू सगळं सांगितलं. मग म्हणे तीच उठली आणि तुले म्हणाली, "माझा पाय तीन महिन्यात जुळला, मिस्त्र्याचं काय जोडलं तुम्ही?" मले म्हणाली, "भाईजान, त्या वर्षी ईदले तुमच्या घरून आलेला शिरखुर्मा मी दारातून परत पाठवला, तो माझ्या मनात अडकून आहे. एवढ्यात यायचं असंल तर माझ्याकडे जेवल्याशिवाय जायचं नाही." धर्म्या, मी फोन हातात धरून लहान पोरासारखा रडलो. बाईले वाटलं, लाइन कटली.

आता दुसरं ऐक. ईदच्या दुसऱ्या दिवशी एक जुना पिकअप आला, क्लच जाम झालेला. फिरोज त्याले नेहमीसारखं पुढच्या गॅरेजचा पत्ता सांगून राह्यला होता. मी म्हटलं, थांब. पोतं अंथरलं आणि खाली गेलो. पह्यला बोल्ट खोलताना पाना दोनदा तोंडावर पडला. फिरोज बॅटरी धरून उभा. दुपारपर्यंत बांधून दिला. शेवटची पिन घातली, पक्कडीनं दोन्ही पाय मागं वाकवले, एकदाच. पुन्हा तपासलं नाही. बाहेर आलो तर नाहिद दारात उभी, चहाचा कप घेऊन, आणि डोळे पुसून राह्यली.

आता तुझ्या जीपचं. जावयाले रागावू नको, काम त्यानं बरोबर केलं आहे, फक्त एक गोष्ट कोणी सांगितली नसंल. तू एवढं चार पानी पत्र लिहिलं आणि खालच्या सिलिंडरचा हवा काढायचा निप्पल वर आहे की खाली, हेच लिहिलं नाही. मले शंभर टक्के माहीत आहे, खाली आहे. पट्टी वेल्ड करताना सिलिंडर उलटा बसला. हवा नेहमी वरच राह्यते, आणि निप्पल खाली असंल तर चारदा काय, चाळीसदा काढली तरी ऑइलच निघंल, हवा आतच. म्हणूनच पह्यला दाब पोकळ जाते. पाइपही चेसिसवरून उंच नेला असंल तर तिथं एक बुडबुडा अडकते. सिलिंडर काढून फिरवून बसवा, निप्पल वर, पाइप खालून. पायडल आणि मास्टरच्या दांडीमध्ये नखभर मोकळं ठेवा. आणि हे सगळं झालं की ऑइल भरून तसंच सोडा. हवा कोणी काढायची नाही. मी येतो.

पाच एप्रिलले रविवार आहे. सकाळच्या गाडीनं निघतो, यवतमाळवरून उमरखेड, तिथून तुझ्या जावयानं न्यायले यावं. चौदा एप्रिलपर्यंत रुपालीचा हात बसायले नऊ दिवस राह्यतात, पुरे आहेत. पोरीले सांग, मिरवणुकीत क्लच अर्धा दाबून ठेवायचा नाही, थांबली की न्यूट्रल. बापाची सवय घेऊ नको म्हण.

हवा काढायले दोन माणसं लागतात, ते तुले माहीत आहे. एक वर बसून पायडल दाबून धरते, एक खाली निप्पल खोलते आणि बंद करते. खालच्यानं निप्पल बंद करायच्या आधी वरच्यानं पाय उचलला तर हवा परत आत, आणि सगळी मेहनत पाण्यात. मले ऐकू येत नाही. तू 'दाबलं, दाबलं' म्हणून ओरडशील, त्याचा काही उपयोग नाही. दाबलं की पान्यानं चेसिसवर एकदा ठोक, मले हाताले कळंल. बंद केलं की मी दोनदा ठोकीन, तेव्हा सोडायचं. संघदीप म्हणंल मी बसतो, रुपाली म्हणंल मी बसते. दोघांले नाही म्हण. गुडघा दुखला तर दुखू दे.

माफीचं या पत्रात कुठंच लिहिलेलं नाही, उगाच शोधत बसू नको. मी जीपखाली झोपीन, तेव्हा वर पायडलवर तुझाच पाय पाहिजे.

जफर मिस्त्री